देवीचा उजवा कौल

देवाशी माझं वाकडं होतं, हे आधीच सांगून टाकते. गोष्ट साठ सालच्या आगेमागची. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोनदा कूस रिकामी झाली. पुन्हा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात परत रक्त दिसलं, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, "आता नवस बोलू नकात. त्या देवीक आयकाकच येना नाय."

"तोंड सांभाळ गो!" म्हणत त्या तडक देवळाकडे गेल्या. घरधनी आगबोटीवर. तारकर्लीच्या त्या माडांतल्या घरात मी भिंतीकडे तोंड करून रडत पडले.

सासूबाई परतल्या त्या एका अनोळखी बाईला हाताला धरून. वेंगुर्ल्याकडची नर्स, देवीची ओटी भरायला आलेली. देवळाच्या पायरीवर रडणाऱ्या सासूबाईंना पाहून तिनं विचारपूस केली आणि तशीच घरी आली. मला तपासून म्हणाली, "पोर टिकात, धीर धर. पण रगत थांबला म्हणान गाफील रव नको. अशी पोरा कधी कधी लवकर येतत, बारकी आसतत. आवशीक पण जपाक लागता. बाळंतपण दवाखान्याजवळच कर." चहा घेतला आणि गेली. गडबडीत तिचं नाव विचारायचं राहिलं. रक्त हळूहळू थांबलं.

सातव्यात बाबा बैलगाडी घेऊन मला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. आणि माझं माहेर पार आत, डोंगराच्या कुशीत, जिथं डॉक्टर औषधालासुद्धा नाही. सासूबाई नर्सचा शब्द धरून अडून बसल्या. बाबा दुखावले. "लोक म्हणतले, बापाक पोर जड झाली!" शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, की पोरीनं इथंच राहावं असं तुझ्या मनात असेल तर उजवा कौल दे. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी मनात म्हटलं, आई, भांडून भांडून दमले गं. आता हे पोर तुझ्याच ओटीत टाकलं.

उजवी पाकळी पडली. बाबांनी हात जोडले आणि रिकामी गाडी घेऊन डोळे पुसत परत गेले.

मालवणात दवाखान्याला लागूनच सासूबाईंच्या बहिणीचं घर होतं, तिथं राहिले. आठव्यातच कळा आल्या. मुलगी झाली, मूठभर, धड रडण्याचंही बळ नसलेली. मागोमाग माझं इतकं रक्त गेलं की डॉक्टरांची धावपळ उडाली. माहेरी असते तर आम्ही दोघीही हाती लागलो नसतो. मी शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई कापसात गुंडाळलेली पोर छातीशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता सांग, तिका आयकाक येता काय नाय?" मी रडत रडत पोरीसाठी हात पुढे केले.

ती पोर आज मलाच दटावून औषध घ्यायला लावते. कुणाला कधी धाडायचं ते देवीला कळतं. आपण हट्ट सोडून दार उघडं ठेवावं, एवढंच मला समजलं. ती नर्स पुन्हा कधी भेटली नाही. म्हणून दर वर्षी देवीची ओटी भरली की देवळाच्या पायरीवर जी पहिली अनोळखी बाई भेटेल, तिचीही ओटी मी भरते. ती बावरून विचारते, "बाय, माका कित्याक?"

मी म्हणते, "घे गो. आधी तुझा नाव सांग."