नदीची ओटी

अचलपूरहून निघतानाच सासूबाईंनी पिशवीत नारळ, तांदूळ आणि खण घातला. वाटेत नवी नदी लागली की तिची ओटी भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा नेम. "आई, आपण धरण बघायला चाललोय, देवदर्शनाला नाही," मी म्हणाले. मी पुण्याची, जीभ जरा लांबच.

परतवाड्याला कढी घातलेले आलूबोंडे खाल्ले आणि अकोटच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात हरभरा, उजवीकडे सातपुडा. धरणाच्या पायथ्याशी, पात्राच्या कुंपणाजवळ गाडी लावल्यावर गुडघे दुखतात म्हणून सासूबाई गाडीतच बसल्या. मी आणि माझा नवरा सुनील चौकीदारकाकांबरोबर भिंतीवर चढलो.

एका बाजूला भिंतीला टेकलेलं काळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला खोल, जवळजवळ कोरडं पात्र, मधे पाण्याची बारीक धार. माझे पाय लटपटायलाच लागले. मी सुनीलचा दंड घट्ट धरला.

"ते खाली वीजघर," काका म्हणाले. "भोंगा वाजला का धा मिनिटांत मशीन चालू होते अन् पात्रात पानी येते."

"आणि खाली माणसं असली तर?"

"काहून असतीन तिथं? कुंपन हाय, पाटी हाय."

तेवढ्यात भोंगा वाजला. आणि मला खाली पात्रातल्या एका खडकावर हिरवं लुगडं दिसलं.

"अगं बाई! आई!"

काका फोन लावत वीजघराकडे पळाले. तिकडून कोणी उचलेना. सुनील त्यांच्यामागे धावला, मी पायऱ्यांवरून खाली. चप्पल कुठे गेली कळलंच नाही. कुंपणाच्या फटीतून आत घुसले.

सासूबाई नारळ धरून बसल्या होत्या.

"उठा! पाणी सुटतंय!"

"ओटी अर्धी टाकून उठता येत नाई, पोरी."

"हट्टी म्हातारी! मलाही मारणार आहात का?" मी रडत ओरडले. मग कसं सुचलं कोण जाणे, मी ओढणी पसरली. "नदीची म्हणून माझी भरा. पण वर, काठावर चला!"

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांना जवळजवळ फरफटतच वर आणलं. कुंपणाशी पोचलो आणि आधी आवाज आला, मग पाणी. बघता बघता तो खडक दिसेनासा झाला. सासूबाईंनी माझ्या ओढणीत तांदूळ घातले, निम्मे खाली सांडले. सुनील धावत आला आणि आईला बिलगून हमसून हमसून रडला.

परतताना मी गाडीत मागे, त्यांच्या शेजारी बसले. अचलपूर जवळ आलं तेव्हा सासूबाईंनी हळूच माझा हात धरला.

"ओटीचं काई नव्हतं, पोरी. भोंगा झाला तवाच मले समजलं. पन पायच उचलून नव्हते राहिले. लई भेव वाटलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुले सांगाची लाज वाटली."

आणि मी त्यांना काय काय बोलले होते! भिंतीवर माझेही पाय असेच गळाले होते. पण मला धरायला सुनीलचा दंड होता. खाली त्या एकट्याच होत्या.