समुद्रातला मोर

लाछुबेनच्या हातून कापडाचा कोपरा कधी कोरा सुटल्याचं आमच्या भुजमध्ये कोणी पाहिलेलं नाही. दोन लेकींचे आणि चार नातींचे घागरे तिने भरतकामाने भरले, पण शाळेची पायरी मात्र साठीला आल्यावर चढली, तीही आमच्या अंधशाळेची. जुनी गोधडी द्यायला आली होती. मुली तिच्या ओढणीवरचे आरसे चाचपून खिदळायला लागल्या आणि बाई तिथेच बसली. तेव्हापासून भूगोलाचे नकाशे तिच्याकडे. मी कापडावर आखायचं, तिने टाक्यांनी उठवायचं. नदीला साखळी, डोंगराला गाठी, बंदराला मणी.

यंदा आमच्या केसरला गावातल्या मोठ्या शाळेत नववीत जायचं होतं. आमचे वर्ग आठवीला संपतात, म्हणजे तिथे नाही जमलं तर पोरगी घरी बसणार. तिथले हेडमास्तर म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण नकाशा कसा वाचणार? शनिवारी वाचून दाखवू दे, मग बघू."

गुरुवारी लाछुबेन गुजरातचा नवा नकाशा घेऊन आली. मी घाईत होते, न बघताच तो केसरपुढे पसरला. तिची बोटं मांडवीपासून खाली सरकली आणि थांबली.

"रसीलाबेन, इथे एवढं मोठं बेट आहे? तुम्ही कधी बोलला नाहीत!"

बेट कसलं, मोर होता! पिसारा फुलवून अरबी समुद्रात उभा. शेजारी दोन पोपट.

"लाछुबेन, समुद्रात मोर?" माझा पारा चढला.

"मग एवढं कापड उघडं टाकू? लोक म्हणतील, लाछुचे डोळे गेले." म्हणाली आणि जीभ चावली.

केसरच आधी हसली. "गेले तर या इथे, मासी. माझ्या शेजारी बसवून घेते."

"पाणी आहे ते," मी म्हटलं. "रिकामंच हवं."

"कोरं कापड लेकीच्या हातात द्यायचं? आमच्यात नाही देत!" चहा तसाच ठेवून ती उठली.

"मासी," केसर म्हणाली, "शनिवारी मी मोराला बेट म्हटलं ना, की घरी भाकऱ्या थापायच्या."

लाछुबेन परत बसली. कात्री मागितली. चार दिवसांचं काम तिने तासाभरात उसवलं आणि तेवढा वेळ मला यथेच्छ शिव्या घातल्या. चूक माझीही होतीच; एवढा समुद्र पहिल्यांदाच आखला आणि तो कोरा ठेव म्हणून सांगितलंच नाही.

शनिवारी केसरने कांडला दाखवलं, मांडवी दाखवली, नर्मदेवरून समुद्रापर्यंत बोट नेलं. हेडमास्तरांनी तिचा हात उचलून कोऱ्या कापडावर ठेवला.

"आणि हे?"

"अरबी समुद्र." तिने तळवा फिरवला, फिरवतच राहिली. "केवढा मोठा आहे, साहेब! हात पुरत नाही." मग तिचं बोट सुईच्या बारीक भोकांवर अडलं. "इथे मासीचा मोर होता. माझ्यासाठी उसवला तिने."

हेडमास्तरांनी फॉर्म पुढे ओढला. दारात उभी असलेली लाछुबेन आरशांच्या ओढणीनेच डोळे पुसत होती, टोचत असूनही.