डागवाल्या वहिनींची कमाई

माझी वहिनी लाँड्रीत डाग काढायची. धुणं वेगळं, इस्त्री वेगळी आणि डाग वेगळे. दुकानाच्या मागच्या खोलीत, वाफेच्या पाइपांखाली तिचं टेबल होतं. वर एक पांढराफटक दिवा, शेजारी ब्रश आणि चार-सहा बाटल्या. कपडा हातात आला की ती आधी त्याचा वास घ्यायची, मग डागावरून नख फिरवायची, आणि मगच बाटलीकडे हात न्यायची. पगार बेताचा होता, पण महिन्याच्या ठरल्या दिवशी यायचा. दादा पार्सलची व्हॅन चालवायचा. मी दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसते आणि त्यांच्याकडेच राहते. पुढच्या खोलीत मी आणि भाची, मागच्या खोलीत ती दोघं. ओढाताण होती, पण गाडी रुळावर होती.

व्हिडिओचं खूळ काउंटरवरच्या मुलीचं. एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या शर्टाच्या खिशात पेन फुटलं होतं आणि तो माणूस रुमालाने शाई घासतच आत आला. वहिनी मागून ओरडली, "अहो भावोजी, घासू नका! घासलं की डाग जात नाही, घर करून राहतो!" मग तिने शर्ट ओढून घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत पांढराशुभ्र करून दिला. मुलीने ते सगळं फोनवर टिपलं होतं. आठवड्याभरात तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. दवाखान्यात दाढ दुखणारा एक म्हातारा मला म्हणाला, "घासू नका, घर करून राहतो," आणि तसाच सुजलेल्या गालाने हसला.

मग वहिनी रोजच बोलायला लागली. गवताचे डाग, रक्ताचे डाग, कॉलरवरचा मळ. बोलायची अगदी घरात बोलते तशी. लोकांनीच तिला नाव दिलं, डागवाल्या वहिनी. फॉलो करणाऱ्यांचा आकडा लाखाच्या पुढे गेला तेव्हा दादा म्हणाला, "लग्नात हिला एकही दीर नव्हता. आता बघ, लाखभर झाले."

"दीर लाखभर," वहिनी म्हणाली, "पण सिलेंडर उचलायला एकाचा हात नाही."

आम्ही खूप हसलो होतो. तेव्हा सगळंच गमतीचं होतं.

लाँड्रीच्या मालकांना मात्र गंमत वाटेना. लोक कपडे न घेताच आत यायचे, फोटो मागायचे, टेबलाभोवती कोंडाळं करायचे. एक दिवस मालकांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, तुम्ही चांगल्या आहात. पण हे दुकान आहे, तमाशा नाही. काय ते एक ठरवा."

ठरवायला आम्ही चौघं बसलो. त्याच महिन्यात एका साबणाच्या कंपनीने एका व्हिडिओचे दोन पगारांएवढे पैसे देऊ केले होते. दादाने बोटांवर हिशोब केला. महिन्यात असे दोन व्हिडिओ मिळाले तर चार पगार. दादाची पाठ धरायला लागली होती आणि डॉक्टरांनी ओझी उचलू नका म्हणून बजावलं होतं. वहिनीने तोच हिशोब पुन्हा करून पाहिला. मग म्हणाली, "आणि नाही मिळाले तर?"

"तुझ्यामागे लाख माणसं आहेत," दादा म्हणाला. "लाखांतून काहीच येणार नाही, असं होईल का?"

मलाही ते पटलं होतं. लाख हा आकडाच तसा आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नोटाच येतात.

वहिनीने नोकरी सोडली. साबणवाल्यांचे पैसे तीन महिन्यांनी आले, तेही कापून. मधे एक मॅनेजर मुलगी होती. गोड बोलायची, तिचा पाचवा हिस्सा. व्हिडिओ लोकांनी नुसता पाहिल्याचे जे पैसे मिळायचे, त्यात महिन्याचा भाजीपालाही धड येत नव्हता. साबणवाल्यांनंतर दोन महिने कोरडे गेले, मग एक काम आलं, पुन्हा कोरडं. कंपन्या पैशांऐवजी वस्तूच जास्त पाठवायच्या. भाचीच्या पलंगाखाली पावडरीचे पुडे, कपाटावर सुगंधी पाण्याच्या बाटल्या, मोरीच्या दाराशी ब्रशांची खोकी. घराला दुकानासारखा वास यायचा. वहिनी म्हणायची, "एवढा साबण आहे की आपण माणसं कमी आणि फेस जास्त." पण वाणी काही साबण घेऊन तांदूळ देत नाही.

एकदा तिने मॅनेजर मुलीला स्पष्टच विचारलं, "अगं, खरं सांग, ह्यावर पोट कोणाचं चालतं?"

मुलगी फोनवरच हसली. "वहिनी, अगदी मोजक्या लोकांचं. बाकीचे नोकरी सांभाळून करतात. तुम्ही नोकरी सोडलीत हे मला आधी सांगायचं ना!"

फोन स्पीकरवर होता. दादाने उठून गॅसवरचं दूध उगाचच ढवळलं.

बाहेर मात्र आमची श्रीमंती वाढतच होती. घरमालकीणबाई करार वाढवायला आल्या, भाडं एकदम वर नेलं आणि वर म्हणाल्या, "आता तुम्हाला काय कमी!" वहिनीच्या मामेभावाने दुकान टाकायला पैसे मागितले. ती नाही म्हणाली, तर बोलणंच बंद केलं. भाचीच्या शाळेने स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून बोलावलं आणि सगळ्यांदेखत देणगीचं पाकीट हातात ठेवलं. रिकामं पाकीट, म्हणजे भरून द्यायचं. त्याच सुमारास दादाची पाठ पूर्ण धरली आणि व्हॅन सुटली. कर्जासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी पगाराचा कागद मागितला. वहिनीने चाचरत सांगितलं की ती व्हिडिओ करते. साहेबांनी मान वर करून पाहिलं, ओळखलं, खुर्चीवरून उठून नमस्कार केला. म्हणाले, "माझी बायको तुम्हालाच बघते हो!" आणि अर्ज परत दिला.

नाव आभाळाला आणि हात पिठाच्या डब्याच्या तळाला, अशी आमची गत.

अशातच डाग काढायच्या एका पावडरीचं काम आलं. वर्षभराचा करार, महिन्याला एक व्हिडिओ, आणि आकडा असा की दादा पलंगावर उठून बसला. नमुन्याचा डबा आला. वहिनीने नेहमीप्रमाणे वास घेतला आणि तिचं नाक आक्रसलं. तिने जुन्या चादरीच्या तुकड्यावरच्या डागाला पावडर लावली. डाग गेला. मग तिने कपाटातून एक रेशमी रुमाल काढला, त्याच्या कोपऱ्यावर लावली, थोडा वेळ थांबली आणि दोन्ही हातांनी ताणला. रुमाल कागदासारखा फाटला.

"जाड सुती कपड्याला ठीक आहे," ती म्हणाली. "रेशमाला, लोकरीला विष आहे विष."

"मग तसं सांग व्हिडिओत," दादा म्हणाला. "तू खोटं बोलू नकोस. पण काम सोडू नकोस गं."

त्याचा आवाज शेवटी असा झाला की आम्ही दोघींनी मान खाली घातली. दादाने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

वहिनीने सही केली. व्हिडिओत तिने नीट सांगितलं, फक्त सुती कपड्याला वापरा, रेशमाला लावू नका, आधी आतल्या कोपऱ्यावर बघा. मी समोरच बसले होते, माझ्या कानांनी ऐकलंय. कंपनीने व्हिडिओ मागवून घेतला आणि तपासून आपल्याकडूनच टाकला. वहिनीने तो पाहिला, पुन्हा मागे नेऊन पाहिला. डाग होता, पावडर होती, तिचं हसू होतं. मधलं बोलणं नव्हतं.

मॅनेजर मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, काटछाट करायचा हक्क त्यांचा आहे, करारात आहे. आणि बाहेर त्यांच्या मालाविरुद्ध बोलायचं नाही, तेही आहे. बोललात तर आगाऊ दिलेले पैसे परत मागतील."

आगाऊ पैसे भाड्याच्या थकबाकीत आणि दादाच्या औषधांत कधीच गेले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 

मग लोकांचे कपडे फाटायला लागले. आधी एखाददुसरी तक्रार, मग शिव्यांचा पाऊस. "वहिनी म्हणून विश्वास ठेवला." "किती पैसे खाल्लेस?" वहिनीला जाहीर काही लिहायची सोय नव्हती, म्हणून ती एकेकाला खाजगीत उत्तर द्यायची, माफी मागायची, पुढे काय करता येईल ते सांगायची. एका बाईने लिहिलं होतं की तिच्या गेलेल्या आईचा एकच झगा तिच्याकडे होता, निळा, रेशमी. त्यावर कॉफी सांडली आणि तिने वहिनीच्या भरवशावर ती पावडर लावली. वहिनीने तिला कळवलं, मला पाठवून द्या, मी काहीतरी करते.

पार्सल आलं ते मीच घेतलं. वहिनीने टेबल पुसून घेतलं, पांढरं कापड अंथरलं आणि झगा अलगद त्यावर ठेवला. छातीपासून कमरेपर्यंतचा भाग जाळीसारखा विरला होता. तिने सुईत रेशमाचा धागा ओवला. पहिला टाका घातला आणि धागा ओढला, तर कापडच धाग्याबरोबर निघून आलं. दुसरीकडून प्रयत्न केला, तेच. आतून अस्तर लावून बघितलं, तर अस्तराला टाचण्याइतकंही बळ त्या कापडात उरलं नव्हतं. दुपारभर ती त्याच्याशी झटत होती. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

शेवटी तिने सुई ठेवली. म्हणाली, "डाग निघाला असता गं. साध्या गार पाण्याने निघाला असता."

मी म्हटलं, "कळवायचं काय तिला?"

"काय कळवू? फाटलेल्याला ठिगळ लावता येतं. इथे ठिगळ धरायला कापडच नाही."

झगा तिने पुन्हा घडी घालून, पातळ कागदात गुंडाळून परत पाठवला. सोबत आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या. त्या बाईचं उत्तर आलं नाही. शिवीसुद्धा आली नाही, आणि वहिनीला तेच जास्त लागलं.

ती जुन्या मालकांकडे गेली. जागा भरली होती. दुसऱ्या एका लाँड्रीचे मालक तिला बघून खूश झाले. म्हणाले, "या की! आमच्या दुकानाचे व्हिडिओ करा, आम्हीही मोठे होऊ." पगाराचं विचारलं तर म्हणाले, "तुमच्यासारख्यांना पगार काय द्यायचा! आपण काहीतरी भागीदारी बघू." तिसरीकडे तिने दोन दिवस काम केलंही. पण गिऱ्हाइकं काउंटरवरून मान लांब करून विचारायची, "शूटिंग चाललंय का? कॅमेरा कुठेय?" एका बाईने आपला कोट तिच्या हातातून परत घेतला. "ह्यांच्याकडे नको," म्हणाली, "ह्या कपडे जाळतात." तिथल्या मालकांनी संध्याकाळी हिशोब करून पैसे हातात दिले आणि उद्यापासून नका येऊ म्हणाले.

आता ती एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी धुते. तिथे डागांचं टेबल नाही. डाग गेला नाही तर चादर फडक्यांत टाकतात. टोपी आणि मास्क लावावा लागतो, म्हणून कुणी ओळखत नाही. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण ठरल्या दिवशी येतो. दादा घरी बसून शेजाऱ्यांचे पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. भाचीने शाळेत आईचं नाव सांगणं सोडून दिलंय.

करार अजून संपलेला नाही. पैसे आगाऊच येऊन संपलेत, तरी महिन्याला एक व्हिडिओ द्यावाच लागतो. काल सुट्टीच्या दिवशी ती समोर बसली, केस विंचरले, ओठांना थोडा रंग लावला. गरम पाण्याने हात सोलले होते, त्यावर क्रीम चोपडलं. फोन मी धरला होता. कंपनीने पाठवलेलं वाक्य तिने पाठ केलं होतं, पण मधेच अडली.

"अगं, मी फक्त सुती कपडा म्हणाले तर ते पुन्हा कापतील का?"

"कापतील," मी म्हटलं.

"तरी म्हणते," वहिनी म्हणाली, आणि म्हणाली. मग राहिलेलं वाक्य पुरं केलं, जसं हसायला सांगितलं होतं तसं हसली, आणि व्हिडिओ पाठवून दिला. आज सकाळी तो लागला. ते वाक्य त्यात नव्हतं.