नळीची कात

प्रयोगशाळेत तिला सगळे विरघळबाई म्हणत, आणि तीही त्या नावाला ओ देई. मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरणारी वाट खुली राहावी म्हणून शस्त्रक्रियेनंतर आत एक बारीक नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती पुढे आठवणीनं काढावी लागते. विरघळबाई बनवत होती ती नळी काम झालं की आपोआप विरघळून लघवीवाटे निघून जाणार होती.

या कामात ती पडली थोरल्या भावामुळे. दादाच्या आत साधी, न विरघळणारी नळी ठेवली होती. दुखणं थांबलं, दादानं शहर बदललं, आणि नळी कुणाच्या ध्यानीमनीही उरली नाही. काही वर्षांनी तो जेवताना मध्येच घास हातात धरून थांबू लागला.

"काय झालं रे?"

"आत कुणीतरी नख घासतंय."

"तुमच्या भावाला झपाटलंय," वहिनी थट्टा करायची.

शेवटी नळी काढली, तेव्हा तिच्यावर क्षार चढून दगडाची वेडीवाकडी काठी झाली होती. एक मूत्रपिंड गमावून दादा वाचला. ती काठी बघून विरघळबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं ही वस्तू दादाबरोबर जेवत होती, झोपत होती, आणि गुपचूप वाढत होती.

तिच्या नव्या नळ्या उबदार कपाटात, काचेच्या बरण्यांत ठेवलेल्या असत. क्षार कालवून केलेली नकली लघवी त्यांतून संथ वाहत राही. नळ्या आधी धुरकट होत, मग मऊ पडत, मग दिसेनाशा होत. सगळं सुरळीत चाललं होतं. माणसांवर चाचणी घ्यायचंही ठरलं होतं.

एका दुपारी तिनं कपाट उघडलं, तर आतून बारीक किरकिर ऐकू आली. पंप बिघडला असेल म्हणून तिनं तो बंद केला. किरकिर मंदावली, पण थांबेना. ती येत होती त्या कोपऱ्यातल्या बरणीत एक नळी अजून ताठ उभी होती. पांढरीफटक. तिच्या जोडीच्या नळ्या केव्हाच विरघळल्या होत्या.

तिनं चिमट्यानं ती उचलायला घेतली. चिमटा आरपार गेला. धरायला काही नव्हतंच.

"मॅडम, जरा येता का?" तिनं हाक मारली.

विभागप्रमुख बाई आल्या, वाकल्या. "ही कशी उरली?"

"नळी नाही उरली. ही तिची कात आहे."

वर क्षारांचा पापुद्रा बसला होता आणि आतली नळी विरघळून गेली होती. दोघींच्या डोळ्यांदेखत ती पोकळ कात ढासळली. तिच्या अणकुचीदार कपच्या ढवळलेल्या द्रवात गोल फिरत काचेला घासू लागल्या.

"हे माणसाच्या पोटात झालं असतं तर..." बाईंनी माणसांवरची चाचणी त्याच दिवशी थांबवली.

मग विरघळबाईनं नव्यानं सुरुवात केली. क्षार चिकटूच नयेत असा बुळबुळीत थर तिनं नळीला दिला. खालचं टोक आधी झिजावं आणि मग झीज हळूहळू वर चढत जावी, अशी घडणही बदलली. कित्येक नळ्या फसल्या. अखेर बरण्या नितळ राहू लागल्या, प्राण्यांवरच्या चाचणीत नळी खरी उतरली, माणसांत बसवायची परवानगी मिळाली.

पहिली नळी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना बसवली. ठरल्या वेळी सोनोग्राफी झाली, तेव्हा विरघळबाई पडद्याजवळ उभी होती. वाट मोकळी होती. कपची नाही, कण नाही.

"गेली, मावशी," डॉक्टर म्हणाले.

"गेली? मग आत्ता आत काय हललं?"

डॉक्टरांनी पुन्हा बारकाईनं पाहिलं. पडदा तसाच काळा, रिकामा. विरघळबाई पडद्यावर आणखी वाकली.

पुढच्या प्रत्येक तपासणीत मावशी ठणठणीत निघाल्या. त्यांना जाणवणारं ते हलणंही हळूहळू कमी झालं. ते काय होतं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. नळी आणखी रुग्णांना बसली, विरघळली, वाटा खुल्या राहिल्या. विरघळबाईनं मावशींना एकदा विचारलं, "भीती नाही वाटायची?"

"सुरुवातीला वाटायची," मावशी म्हणाल्या. "आता ते येत नाही, तर चुकल्यासारखं होतं."