बोरन्हाणाच्या दिवशीची थंडी

मला हवामानाचं वेड आहे. छंद म्हणत नाही, कारण छंद सोडता येतो. ओहायोमध्ये, कोलंबसजवळच्या डब्लिनला राहायला आलो तेव्हा घरात सोफ्याच्या आधी बॅरोमीटर आला आणि बायकोनं दोन दिवस अबोला धरला. स्वयंपाकघरात हवामानाचा रेडिओ दिवसभर कुरकुरत असायचा. आसपासच्या शहरांचं तापमान आणि वारा तो दर तासाला सांगायचा, मी वहीत उतरवून घ्यायचो. पश्चिमेच्या शहरांत सकाळी जे होतं ते आपल्याकडे दुपारी येतं, एवढं साधं गणित. आणि ऐंशीच्या दशकातले ते हिवाळे! कॅनडातून थंडी सुटली की दारं-खिडक्या असून नसल्यासारख्या व्हायच्या.

मराठी मंडळात मला सगळे 'वेधशाळा' म्हणायचे. कुठलाही कार्यक्रम ठरला की फोन यायचा, "काय वेधशाळा, रविवारी स्नो आहे का यार?" टीव्हीवर काहीही सांगोत, लोक मला विचारायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग एका वर्षी मी तोंडावर आपटलो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दोन दिवस आधी छातीठोकपणे सांगितलं, दहा इंच पडणार, कॅन्सल करा. केलं. वादळ दक्षिणेकडून निघून गेलं आणि आमच्याकडे लख्ख ऊन पडलं. घरोघरी तिळाचे लाडू पडून राहिले. पुढे वर्षभर माझी सुटका नव्हती. "वेधशाळा बर्फ म्हणतेय? मग पापड वाळत घाला!" मीही सगळ्यांबरोबर हसायचो, पण आतून जळायचो. पुन्हा मेलो तरी 'कॅन्सल' म्हणायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या संक्रांतीला माझ्या जुन्या मित्राच्या बाळाचं बोरन्हाण होतं. आम्ही पुण्याला एका खोलीत राहून इंजिनियर झालो होतो. तो आता टोलेडोच्या बाजूला, आमच्यापासून दोन तासांवर नोकरीला होता. तिकडे दुसरं मराठी घर नाही, म्हणून मुलीची पहिली संक्रांत आमच्या मंडळात करायची ठरली. वहिनींनी महिनाभर खपून हलव्याचे दागिने केले होते. मुकुट, हार, इवल्या बांगड्या. बोरं कुठली मिळायला! द्राक्षं, चुरमुरे आणि चॉकलेटं यांवर भागवायचं होतं.

त्या रविवारी सकाळी बाहेर चक्क उबदार होतं. पागोळ्या गळत होत्या, धुकं होतं, शेजारी नुसत्या शर्टावर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होता. मला मात्र ते मुळीच आवडलं नाही. बॅरोमीटरचा काटा रात्रीपासून घसरत होता. टीव्हीवाले म्हणत होते, संध्याकाळनंतर थंडी, थोडा भुरभुर बर्फ. दहाच्या बातमीत रेडिओनं पश्चिमेच्या इंडियाना राज्यातली तापमानं सांगितली आणि माझा पेन थांबला. पहाटे जिथे चाळीस अंश फॅरनहाइट होते तिथे आता बारा, म्हणजे गोठणबिंदूच्याही कितीतरी खाली. वारा वायव्येचा, सुसाट. थंडी टीव्हीवाल्यांच्या हिशेबापेक्षा कितीतरी वेगानं येत होती. टोलेडो-कोलंबसच्या रस्त्यावर ती बाराच्या सुमाराला पोचणार होती. तिथे दोन्ही बाजूंना सपाट शेतं, आडोशाला झाड नाही. आणि ते दोघं बाळाला घेऊन अकराला निघणार होते.

साडेदहाला फोन वाजला.

"अरे, निघतोय आम्ही. इथे तर वसंत आलाय! काय म्हणते तुझी वेधशाळा?"

मागे वहिनी बाळाशी काहीतरी बोलत हसत होत्या. माझ्यासमोर वही उघडी होती. 'निघू नका' एवढे दोनच शब्द होते. पण मला गेल्या वर्षीचं ऊन आठवलं, ते पापड आठवले, आणि पुन्हा चूक ठरलो तर एका लेकराचं पहिलं बोरन्हाण माझ्यामुळे बुडालं असं म्हणतील, हेही आलं मनात.

"या रे," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत काही नाही."

फोन ठेवला तर बायको म्हणाली, "तोंड का उतरलंय तुमचं?" मी म्हटलं, काही नाही. पंधरा मिनिटांनी मी उलटा फोन केला. वाजत राहिला. बाळ लवकर तयार झालं म्हणून की काय, ते आधीच निघाले होते. त्या काळी माणूस एकदा गाडीत बसला की संपलं, उतरेपर्यंत त्याला कुणी गाठू शकत नव्हतं.

मंडळाच्या हॉलमध्ये एकच्या सुमाराला वाऱ्यानं दार आपटलं. मी बाहेर गेलो. सकाळचं पाणी रस्त्यावर काचेसारखं घट्ट होत होतं, बर्फ आडवा येत होता, समोरची पार्किंगमधली गाडी दिसेना. आत काळ्या साड्या, तिळगूळ, हशा. "अरे वेधशाळा, हे सांगितलं नाहीस!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. मी घड्याळ बघत बसलो. दोन वाजले. तीन वाजले. मग कुणी हसेना.

साडेचारला हॉस्पिटलमधून फोन आला. गाडी घसरून शेताच्या चरात गेली होती, इंजिन बंद पडलं होतं. मित्र मदत शोधत चालत गेला, त्याला शेतावरचं घर सापडायला तास लागला. वहिनी बाळापाशी थांबल्या. काळ्या साडीवर जाडजूड बूट फोटोत वाईट दिसतात म्हणून आपल्या बायका ते घरी ठेवतात आणि नाजूक चपला घालतात. घरातून गाडीत, गाडीतून हॉलमध्ये, पाय भिजायचा प्रश्नच कुठे येतो! वहिनींनी तेच केलं होतं. गाडी ढकलायला चरात उतरल्या तेव्हा चपला पहिल्या पावलातच भिजल्या. अंगातला कोट काढून त्यांनी बाळाला गुंडाळलं, वरून साडीही सोडून गुंडाळली, आणि तशाच बसून राहिल्या. बाळाला ओरखडासुद्धा आला नाही. वहिनींच्या डाव्या पायाची तीन बोटं मात्र पुढे कापावी लागली.

चौथ्या दिवशी रस्ते मोकळे झाल्यावर मी हॉस्पिटलमध्ये गेलो. सांगून टाकायचं, पाय धरायचे, असं गाडीत शंभरदा घोकत गेलो. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी म्हणाल्या, "भावजी, एवढ्या थंडीत कशाला आलात?" मी आणलेली फळं टेबलावर मांडत राहिलो. मित्रानं मला बाहेर नेलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे. मी हिलाही तेच सांगतोय, की तुलासुद्धा कळलं नाही, म्हणजे ते कुणालाच कळणं शक्य नव्हतं."

मी मान हलवली. हो म्हणालो.