मातेच्या पायाशी तेरडा

मारियामातेच्या सणाला यंदा चर्चच्या वेदीवर परदेशी ऑर्किडची फुलं होती. त्यांच्यासाठी एक समितीही नेमली होती. फिलूमावशी मात्र नेहमीप्रमाणे डोंगरातल्या रानातून पदरभर तेरडा घेऊन आली.

"मावशी, मिस्साची प्रार्थना संपायच्या आत कोमेजेल हा," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"कोमेजलेलं चालत नसेल, तर मीही बाहेरच बसते बाबा."

अध्यक्षांनी तेरडा मातेच्या पायाशी ठेवला.

रानात झाडांखाली तो कुणी बघत नसतानाही असाच फुलतो. देवाचं बरंचसं काम असंच, सत्कारसमारंभाशिवाय चालत असावं.

प्रवचन लांबलं. माझ्या बाकावरून मला वेदी दिसत होती. ऑर्किड ताठ उभी होती. तेरड्याने मात्र हळूहळू मान खाली घातली, अगदी प्रार्थनेला घालतात तशी. मग मीही घातली.