यांच्या पाठीवरचा नवा ठिपका

आमच्या धाकट्या जावेला मी 'फुंकूनका' म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. मला तसलं जमत नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिचा कॅमेरा लेन्स काढून टेबलावर ठेवलेला दिसला. आत धुळीचा कण होता. आपली मदत म्हणून मी वाकले आणि गाल फुगवले, तर ही स्वयंपाकघरातून किंचाळली, "वहिनी, फुंकू नका!" नवी नवरी, आणि थोरल्या जावेवर ओरडते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिने समजावलं, की फुंकरीबरोबर थुंकी उडते, ती आतल्या काचेवर वाळते आणि धुळीपेक्षा चिवट बसते. "माझी थुंकी?" मी विचारलं. "कुणाचीही," ती म्हणाली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

ती हॉस्पिटलात फोटो काढते. त्वचेच्या विभागात एक छोटी खोली आहे, तिथे तिचा कॅमेरा, दोन दिवे आणि एक पांढरी भिंत. ज्यांच्या अंगावर खूप तीळ आहेत अशा लोकांचे दर सहा महिन्यांनी फोटो काढायचे, म्हणजे डॉक्टरबाई जुने-नवे शेजारी ठेवून बघतात, कुठला तीळ नवा आला, कुठला वाढला. एखादा वेडावाकडा वाढलेला तीळ जिवावर बेतू शकतो, वेळेत सापडला तर काढून टाकता येतो. हे मला आता कळतं. आधी कुणी विचारलं की जाऊ काय करते, तर माझी पंचाईत व्हायची. लोकांच्या उघड्या पाठींचे फोटो काढते, असं सांगायचं कसं?

आणि मग आमच्याच घरातली पाठ तिच्या कॅमेऱ्यासमोर गेली. आमचे हे रंगारी. आयुष्यभर उंच इमारतींच्या बाहेर परांचीवर उभे राहून भिंती रंगवल्या, उन्हाळा आला की सदरा काढून. पाठ अशी, की कापडावर मोहरी सांडावी. धाकटीनेच एकदा बघितलं आणि यांना ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. तेव्हापासून फोटोंच्या तारखा लागल्या. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "जन्मात एवढे फोटो निघाले नाहीत, आणि आता काढतायत तेही पाठमोरे."

या खेपेला फोटो काढून आले आणि दोन दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला. उजव्या खांद्याखाली नवा काळा ठिपका दिसतोय, सोमवारी येऊन दाखवा. फोन मी घेतला होता. यांना खुर्चीवर बसवलं, सदरा काढायला लावला, चष्मा लावून शोधलं. एवढ्या गर्दीत नवा कोण आणि जुना कोण, मला काय कळणार? "सापडला का पाहुणा?" हे विचारतात. म्हटलं, "गप्प बसा, तुम्हाला सगळ्याची थट्टा सुचते!" यांच्याशिवाय घर ही गोष्ट मी कधी मनातसुद्धा आणली नव्हती.

संध्याकाळी धाकटी आली तशी मी तिच्यावर तुटून पडले. "फोटो तूच काढलास ना? मग तुला दिसलं नाही? डोळे कुठे होते तुझे?" एरवी ती उलट उत्तर देते. त्या दिवशी मात्र ती यांच्या पाठीजवळ गेली, दिवा जवळ आणून खांद्याखाली बराच वेळ बघत राहिली.

"वहिनी, इथे काहीच नाहीये," ती म्हणाली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. सोमवारची वाट नको बघायला."

सकाळी आम्ही तिघं तिच्या खोलीत. तिने यांना पाठमोरं उभं केलं, एक फोटो काढला. मग कॅमेरा चक्क उलटा धरला, खालची बाजू वर, आणि दुसरा काढला. दुसरा सरळ करून दोन्ही पडद्यावर लावले. पहिल्यात ठिपका उजव्या खांद्याखाली. दुसऱ्यात डाव्या बाजूला, कमरेपाशी.

"तीळ असा पळत नाही," ती म्हणाली. "ही धूळ आहे. कॅमेऱ्याच्या आत." मग तिने कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, तर भिंतीलाही तोच तीळ!

माझा जीव भांड्यात पडला. हसू का रडू कळेना, म्हणून दोन्ही केलं. यांनी तर सदऱ्याची बटणंसुद्धा लावली. "चला, चहा घेऊ. भिंतीला म्हणावं तब्येत सांभाळ."

धाकटी मात्र हसली नाही. तिचा चेहरा पडला होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी भिंतीचा फोटो काढून धूळ तपासायची, हा तिचाच नियम. यांचे फोटो काढले त्या दिवशी बाहेर रांग लागली होती, म्हणून तिने तो एक फोटो सोडला, आणि पुढचे दोन दिवसही तो राहूनच गेला होता. आमच्या देखतच ती डॉक्टरबाईंकडे गेली आणि सरळ सांगून टाकलं, "चूक माझी आहे. भिंत तपासली नाही. त्या दिवसापासूनच्या सगळ्यांना परत बोलवावं लागेल." मी मनात म्हटलं, अगं गप्प बस, कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस! डॉक्टरबाईंनी त्या दिवसांची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बोलवा. आणि आधी कॅमेरा साफ करा."

साफ करताना मी पहिल्यांदाच बघितलं. दार लावलं, पंखा बंद केला, बॅटरी पूर्ण भरलेली घातली. मध्येच संपली तर आतला आरसा खाली आपटतो म्हणे. लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं आणि रबरी फुग्याने आत हवा मारली, म्हणजे कण असेल तो खाली पडावा. परत भिंतीचा फोटो. ठिपका जागच्या जागी. मग काचेच्याच रुंदीची चपटी काडी घेतली, तिच्या टोकाच्या मऊ कापडावर औषधाचे थेंब टाकले, आणि श्वास रोखून या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदाच फिरवली. काडी उलटी करून एकदा परत. आणि लगेच ती फेकून दिली. "अजून कोरी तर आहे ती!" मी म्हटलं. "एका काडीला एकदाच काम," ती म्हणाली. माझाही श्वास रोखलेलाच होता, ते नंतर लक्षात आलं.

भिंत आता स्वच्छ आली.

"भाऊजी, सदरा काढा," ती म्हणाली.

आता मात्र मला राग आला. "अगं, धूळ होती ना? संपलं! किती वेळा उघडं करशील या माणसाला? घरी जाऊ दे की आता."

"वहिनी, त्या मळक्या फोटोत नसलेला तीळ दिसला," ती म्हणाली. "असलेला एखादा झाकलाही गेला असेल. मी बघितल्याशिवाय सोडणार नाही." आवाज बारीक होता, पण दारात अशी उभी राहिली की मला बाहेर पडता येईना. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "काढू दे गं तिला," आणि मुकाट्याने परत भिंतीपाशी गेले.

नवे फोटो डॉक्टरबाईंनी तिथेच जुन्यांशेजारी लावले. खांद्याखाली काही नव्हतं. पण कमरेच्या वर एक जुना तीळ होता, आणि त्याची एक कड बाहेर पसरली होती. मळक्या फोटोत नेमकी त्या कडेवर धुळीचीच दुसरी, फिकट सावली पडली होती. डॉक्टरबाईंनी भिंग लावून यांची पाठ तपासली. मग त्या म्हणाल्या, "हा काढून टाकू. थांबायचं नाही."

काढला. तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत घरात भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकायची. धाकटी रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायची, भाजी निवडायची. माझ्या मनात तिच्याबद्दल राग शोधून सापडत नव्हता, आणि गोड बोलायची मला सवय नाही, म्हणून मी तिच्यापुढे चहा ठेवायची.

अहवाल आणायला ती आणि मी गेलो. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं. "तीळ वाईटच होता," त्या म्हणाल्या, "पण वरच्या वर होता. पूर्ण निघालाय. आता फक्त तारखा पाळायच्या. पुढचे फोटो सहा महिन्यांनी होते ना? तोपर्यंत राहिला असता तर मी तुम्हाला हे असं हसून सांगितलं नसतं."

धाकटी तिथेच ढसाढसा रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. "रडतेस काय वेडे! माझा माणूस राखलास तू," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी तिच्याशी असं बोलले असेन. ती अजूनच रडली.

रात्री सगळे एकत्र जेवायला बसलो. पहिलाच घास घेतला आणि हे म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे." एरवी मी ऐकून घेतलं नसतं. धाकटी माझ्या तोंडाकडे बघायला लागली, आता काय होतंय म्हणून. मी उठले, मीठ आणलं आणि यांच्या पानात वाढलं.